स्कायरिम पहिल्यांदा खेळताना: काय धरायचं, काय सोडायचं

माझ्या भाच्याने स्कायरिम हा व्हिडिओ गेम सुरू केला आणि बारा तासांत बंद केला. "मावशी, सगळीकडे तेच तेच आहे गं. काळोखात दबून बसायचं, बाण मारायचा, पेटी उघडायची, पुढच्या खुणेकडे जायचं."

मी त्याचा सेव्ह उघडून बघितला. लेव्हल चौदा. हातात धनुष्य, अंगात चामड्याचं चिलखत, वहीत एकतीस कामं आणि सगळीच्या सगळी चालू. होकायंत्राच्या पट्टीवर खुणांची नुसती रांग लागलेली. व्हाइटरनहून विंडहेल्मला घोडागाडीने, तिथून पुढे सगळीकडे नकाशावर टिचकी मारून. बारा तासांत तो एकदाही पायी डोंगर चढला नव्हता. त्याचं म्हणणं खरंच होतं. तो ज्या पद्धतीने खेळत होता त्या पद्धतीने हा गेम कंटाळवाणाच आहे.

'द एल्डर स्क्रोल्स फाइव्ह: स्कायरिम' ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. मी तेव्हापासून तो खेळते आहे आणि माझं मत इतक्या वर्षांत पक्कं झालं आहे. हा गेम तुम्हाला कशालाच नाही म्हणत नाही. कुठेही जा, कुणीही व्हा, काहीही उचला. त्याची सगळी मजा यातून येते आणि त्याचे जवळजवळ सगळे दोषही यातूनच येतात. त्यामुळे 'नाही' म्हणायचं काम आपल्याला करावं लागतं. ते कुठे आणि कसं करायचं, हे मी भाच्याला दोन संध्याकाळी शेजारी बसून दाखवलं. तेच इथे लिहिते आहे.

आवृत्ती आणि सेटिंग

आज खेळायला घेताना २०१६ ची स्पेशल एडिशन पुरेशी आहे. डॉनगार्ड, हार्थफायर आणि ड्रॅगनबॉर्न हे तिन्ही विस्तार तिच्यात आहेतच. २०२१ च्या ॲनिव्हर्सरी एडिशनमध्ये वरून बरीच सामग्री येते, पण पहिल्या खेपेला ती नकोच. नवीन कामांच्या चिठ्ठ्या लवकर हातात येऊ लागतात, आणि मूळ जगातलं काय आणि नंतर चिकटवलेलं काय हे नवख्या माणसाला कळत नाही.

काठिण्यपातळी 'अडेप्ट' ठेवा. त्या पातळीवर तुमचा घाव आणि शत्रूचा घाव दोन्ही मूळ मापाने लागतात. 'मास्टर'वर तुमचा घाव निम्मा होतो आणि तुम्हाला लागणारा दुप्पट. 'लेजेंडरी'वर तुमचा पाव आणि त्यांचा तिप्पट. शत्रू हुशार होत नाहीत, वेगळी चाल खेळत नाहीत, फक्त मरायला वेळ लावतात. हा गेमचा सरळसरळ कच्चा भाग आहे आणि तो पातळी वाढवून लपत नाही. लढाईतलं आव्हान दुसरीकडून आणता येतं, त्याबद्दल पुढे सांगते.

पीसीवर खेळत असाल तर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ६० वर बांधून टाका. वस्तूंच्या हालचालींचं गणित फ्रेमरेटशी जोडलेलं आहे. त्यापुढे गेलात की तुम्ही खोलीत शिरताच टेबलावरच्या ताटल्या-वाट्या उडायला लागतात.

पहिला तास

सुरुवात संथ आहे. बैलगाडीसारखी हळू चालणारी कैद्यांची घोडागाडी, हात बांधलेले, शेजारी बंडखोरांचा पुढारी उल्फ्रिक, मग हेल्गेन गाव, ड्रॅगन, पळापळ. पहिल्या वेळी अंगावर काटा येतो आणि तिसऱ्या वेळी जीव नकोसा होतो. म्हणून गुहेतून बाहेर पडल्यावर, मोकळं आकाश दिसलं की, तिथेच एक वेगळा सेव्ह करा आणि तो कधीच पुसू नका. पुढे नवी सुरुवात करायची झाली तर त्या ठिकाणापासून करता येईल. वंश, चेहरा, नाव बदलायचं आहे का, हे गेम तिथे विचारत नाही; पीसीवर ते कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'शोरेसमेन्यू' (showracemenu) टाइप करून बदलता येतं.

वंश दहा आहेत. कुठला घ्यायचा यावर डोकं शिणवू नका. वंशाने वाट बंद होत नाही. नॉर्डला थंडीचा मारा निम्माच लागतो, ब्रेटनवर जादूचा परिणाम पंचवीस टक्के कमी होतो, ऑर्कला दिवसातून एकदा मिनिटभर असा संताप येतो की त्याचा घाव दुप्पट आणि त्याला लागणारा निम्मा. बाकी फरक पंधरा-वीस तासांत पुसून जातात. इथे ठरवायची खरी गोष्ट वेगळी आहे: या माणसाच्या हातात काय असेल? दोन हातांचा हातोडा, ढाल-तलवार, की मंत्र? कागदावर लिहून ठेवा. याचं कारण धनुष्यापाशी आल्यावर कळेल.

रिव्हरवुडकडे उतरताना वाटेत तीन उभे दगड लागतात: योद्धा, जादूगार, चोर. हात लावलात की त्या गटातली कौशल्यं वीस टक्के जास्त वेगाने वाढतात. नंतर बदलता येतात, तेव्हा अडून बसू नका.

ब्लीक फॉल्स बॅरो नीट बघा

रिव्हरवुडच्या दुकानदाराची सोन्याची नखी चोरीला गेली आहे आणि चोर डोंगरावरच्या जुन्या थडग्यात शिरले आहेत. बहुतेक सगळे जण हे काम पहिल्या दोन-तीन तासांत करतात आणि धावत धावत उरकतात. भाच्यानेही तसंच केलं होतं. मी त्याला नव्या पात्राने परत तिथे नेलं आणि सांगितलं की धावायचं बटण विसर.

आत थोडं गेल्यावर एका खोलीत एक दरोडेखोर मधल्या खटक्यापाशी उभा दिसतो. त्याच्यावर तुटून पडू नका. दोन क्षण थांबा. तो खटका ओढतो, भिंतीतून विषारी बाण सुटतात आणि तो जागच्या जागी कोसळतो. गेमने पाटी लावलेली नाही, कुणी समजावलेलं नाही. दुसऱ्याच्या मरणातून तुम्हाला सांगितलं गेलं की इथे एक कोडं आहे आणि चुकलात तर काय होतं. आता मान वर करा. दाराच्या वर दगडी तोंडांत कोरलेली चित्रं आहेत, साप आणि देवमासा. मधलं तोंड मात्र जागेवर नाही, ते निखळून खाली जमिनीवर पडलं आहे आणि त्यातही साप आहे. डावीकडचे तीन खांब त्या क्रमाने फिरवले, साप, साप, देवमासा, की दार उघडतं. भाच्याने आधीच्या वेळी इंटरनेटवर उत्तर बघून खांब फिरवले होते. या वेळी त्याला जमिनीवर पडलेलं तोंड दिसलं तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला. तिथेच मला कळलं की आता हा खेळेल.

पुढे कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला चोर, त्याच्याकडे ती नखी, आणि शेवटी तीन कड्यांचं दार. त्याचंही उत्तर बाहेर शोधू नका. नखी पिशवीत आहे ना? ती उघडा, फिरवा, तळवा बघा. अस्वल, पतंग, घुबड. हातातली वस्तू उलटून पाहिली तर तिच्यावर उत्तर कोरलेलं आहे. हे पहिल्यांदा स्वतः सापडण्याचा आनंद एकदाच मिळतो.

याच ठिकाणी गेमचा दोषही दिसतो, तो लपवत नाही. अशी थडगी पुढे भरपूर लागतात आणि त्यांची ठेवण बरीचशी हीच असते: लांब बोगदा, शवपेट्यांतून उठणारे ड्रॉगर म्हणजे चालते मुडदे, नखीचं दार, शेवटी मोठा ड्रॉगर, शब्द कोरलेली भिंत, मागच्या बाजूने बाहेर पडायची चोरवाट. परतीची पायपीट वाचते हे खरं, पण पाचव्या थडग्यात पुढचं वळण आधीच कळायला लागतं. उपाय सोपा आहे. सलग दोन थडगी करू नका. एक थडगं झालं की गावात जा, जंगलात फिरा, ड्वेमर या नाहीशा झालेल्या जमातीच्या पितळी अवशेषांत उतरा. जिन्नस बदलत राहिला तर तोचतोचपणा जाणवत नाही.

वहीतल्या खुणा विझवा

या सगळ्या लेखातली ही सगळ्यात कामाची सूचना आहे. वही उघडा आणि एक काम सोडून बाकी सगळ्यांवरची खूण काढून टाका. काम रद्द होत नाही, फक्त होकायंत्रावर दिसायचं थांबतं.

पूर्ण सगळ्याच खुणा काढा असं मी म्हणणार नाही, कारण इथे गेमची एक मोठी उणीव आड येते. याच मालिकेतल्या २००२ च्या मॉरोविंडमध्ये लोक रस्ता तोंडी सांगायचे: पूल ओलांड, डावीकडची पायवाट धर, मोठ्या दगडापाशी वळ. स्कायरिममध्ये तसं सांगणारं फारसं कुणी नाही. वहीत एका ओळीत 'अमुक वस्तू आणा' एवढंच असतं. कुठून, ते खूणच सांगते. म्हणजे खूण काढली तर काही कामं करताच येणार नाहीत. म्हणून एक चालू, बाकी बंद. आणि खूण डोंगराच्या आरपार दाखवत असेल आणि चढण सापडत नसेल तर क्लेअरव्हॉयन्स नावाचा मंत्र घ्या. तो जमिनीवर वाट उमटवतो.

नकाशावर टिचकी मारून उडी घेणं, म्हणजे फास्ट ट्रॅव्हल, पहिले वीस तास बंदच ठेवा. लांब जायचं तर घोडागाडी आहे. व्हाइटरन, विंडहेल्म, सॉलिट्यूड, रिफ्टन, मार्कार्थ या पाच शहरांबाहेर ती उभी असते. गाडीने शहर गाठा आणि तिथून पुढे पायी. स्कायरिमची सगळी दौलत दोन ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावर आहे. पहिल्यांदा व्हाइटरनकडे जातानाच शेताजवळ तीन-चार योद्धे एका जायंटशी भिडलेले दिसतात. तुम्ही मदत केलीत तर त्यातली एक जण तुमच्याशी बोलते आणि नाही केलीत तर टोमणा मारते. रात्री उत्तरेकडे असाल तर आकाशात हिरवे-निळे पडदे हलतात, दोन चंद्र असतात आणि जेरेमी सोल यांचं संगीत इतकं हळू येतं की ते कधी सुरू झालं ते कळत नाही. मी कितीदा तरी नुसती उभी राहिले आहे.

उदाहरण देते. डॉनस्टार आणि विंटरहोल्डच्या मधे, बर्फाळ किनाऱ्यावर, फ्रॉस्टफ्लो नावाचं दीपगृह आहे. मला तिथे कुणी पाठवलं नव्हतं. वादळात वाट चुकले होते आणि लांबून उजेड दिसला म्हणून गेले. बाहेर एक घोडा मरून पडलेला. दार उघडं. पहिल्याच खोलीत जमिनीवर एक बाई, तीही मेलेली. चुलीपाशी भांडी, शेल्फावर पुस्तकं, एका कुटुंबाचं साधं घर. त्या घरातल्या प्रत्येकाने काहीतरी लिहून ठेवलेलं आहे: बापाचं, आईचं, मुलाचं, मुलीचं. बाप जुना दर्यावर्दी, समुद्राच्या जवळ राहता यावं म्हणून त्याने हे दीपगृह घेतलं होतं. तळघराला कुलूप आहे आणि किल्ली घरातच आहे. मी कागद वाचत वाचत एकेक खोली फिरले आणि तळघराच्या दारापाशी पोचेपर्यंत मला खाली उतरायची भीती वाटायला लागली होती, कारण मला आता त्या माणसांची नावं माहीत होती.

खाली काय आहे ते सांगत नाही. इतकंच सांगते की परत वर येताना तुमच्या पिशवीत एक वस्तू असेल, बापाने लिहिलेल्या शेवटच्या इच्छेचा तिच्याशी संबंध असेल, आणि तिचं काय करायचं हे सांगणारी खूण येणार नाही. वाचलं असेल तरच सुचेल. कागद न वाचता पळालात तर हे ठिकाण म्हणजे चार किडे आणि एक पेटी.

त्यामुळे सांगाड्याजवळ चिठ्ठी दिसली तर वाचा. पुस्तकं सगळी नको, पण मेलेल्या माणसाच्या खिशातला कागद नेहमी वाचा.

धनुष्याचा सापळा

आता भाच्याच्या मूळ तक्रारीकडे येते. तो दबून बाण मारत होता, कारण गेमनेच त्याला हळूहळू तिकडे ढकललं होतं. यात त्याचा दोष नाही. लपून मारलेला बाण मुळातच दुप्पट लागतो, एक पर्क (लेव्हल चढल्यावर निवडता येणारी खास क्षमता) घेतला की तिप्पट. शत्रूला बाण लागतो, तो इकडेतिकडे शोधतो, थोड्या वेळाने विसरतो आणि मान वळवून पूर्ववत उभा राहतो, शेजारी सोबती मरून पडलेला असतानाही. समोरासमोरची लढाई दर वेळी महाग पडते आणि लपून मारणं दर वेळी स्वस्त. जादूगार म्हणून सुरू केलेलं पात्र असो की कुऱ्हाडवाला, तिसाव्या लेव्हलला सगळ्यांच्या हातात धनुष्यच येतं.

यावर उपाय एकच: ज्या पात्राचं हत्यार धनुष्य नाही त्याने ते जवळच ठेवायचं नाही. विकून टाका. ड्रॅगन हवेत आहे आणि मारता येत नाही असं वाटेल, पण तो उतरतो. तोवर दगडाआड व्हा. अडेप्टवर, धनुष्याशिवाय, पुढे जायंट आणि मागे लांडगे अशी वेळ येते तेव्हा काठिण्यपातळीची आठवणही होत नाही.

हाच विचार लेव्हलबाबत. इथे कौशल्य वापराने वाढतं. अठरा कौशल्यं आहेत, जे कराल ते वाढतं, आणि त्या वाढीतून लेव्हल चढते. कल्पना फार सुंदर आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. लोहारकाम आणि बोलण्यातलं चातुर्य वाढलं तरी लेव्हल चढते आणि तुमच्या लेव्हलप्रमाणे शत्रूही तगडे होतात. भट्टीपाशी उभं राहून दिवसभर खंजीर ठोकलेत तर तुम्ही लेव्हल वीसचे उत्तम लोहार व्हाल आणि बाहेरचा दरोडेखोर लेव्हल वीसचा योद्धा असेल. म्हणून सुरुवातीला एक लढाईचं कौशल्य, एक बचावाचं आणि एकच पोटापाण्याचं, एवढ्यावर पर्क खर्च करा. दर लेव्हलला दहा गुण मिळतात ते पहिल्या पाच-सहा वेळा हेल्थमध्ये टाका. स्टॅमिनात टाकले तर ओझं वाहायची ताकद पाचाने वाढते, तो मोह नंतर.

जादूगाराला एक वेगळी सूचना. आगीचे, बर्फाचे, विजेचे मंत्र कौशल्य वाढलं म्हणून जोरात लागत नाहीत, फक्त स्वस्त होतात. जोर वाढतो तो पर्कने, आणि तोही पन्नास टक्क्यांपर्यंतच. म्हणून निव्वळ मारक मंत्रांवर राहिलात तर मधल्या टप्प्यावर हात अपुरा पडतो. सोबतीला कॉन्ज्युरेशन, म्हणजे प्राणी बोलावणारी जादू, घ्या. बोलावलेला प्राणी पुढे झुंजेल आणि तुम्ही मागून माराल.

आणखी एक, काही नावाजलेली हत्यारं तुम्हाला मिळतात त्या क्षणीच्या तुमच्या लेव्हलला अडकून राहतात. चोरांच्या संघटनेच्या कथेत मिळणारी चिलरेंड तलवार लवकर घेतलीत तर कायमची कमी ताकदीची. तिचं पुरतं रूप लेव्हल ४६ पासून मिळतं. तेवढी वाट बघा असं मी म्हणत नाही, पण लेव्हल आठला तिकडे धावू नका.

ओझं

तीनशेपर्यंत वजन उचलता येतं आणि पहिल्या दिवशीच ते भरतं, कारण वाडगेसुद्धा उचलता येतात. माझा नियम असा आहे: वस्तूची किंमत तिच्या वजनाच्या दहापट नसेल तर ती तिथेच राहू द्यायची. ड्रॅगनचं एक हाड पंधरा वजनाचं असतं, दोन-तीन मारले की पाय जड होतात. व्हाइटरनमधलं घर पाच हजारांना मिळतं. ते घेईपर्यंत रस्त्यातल्या पिंपात किंवा खानावळीच्या पेटीत सामान ठेवू नका, त्या ठरावीक दिवसांनी रिकाम्या होऊन परत भरतात आणि तुमचं गेलेलं परत मिळत नाही.

औषधं विकत घेत बसू नका. गहू आणि निळी डोंगरफुलं, दोन्ही व्हाइटरनच्या आसपास मिळतात. एकत्र केली की जखम भरणारं औषध होतं. रोग झाला तर कुठल्याही देवळातल्या वेदीला हात लावा, बरा होतो.

संघटना आणि त्यांचं पोकळपण

इथे मी गेमची बाजू घेणार नाही. विंटरहोल्डच्या विद्यापीठात तुम्ही शिकायला जाता आणि थोडक्या मंत्रांच्या जोरावर तिथले प्रमुख होऊन बाहेर पडता. कंपॅनियन्स या योद्ध्यांच्या संघटनेचंही तसंच, काल आलेला माणूस आज सर्वांचा म्होरक्या. त्यानंतरही तिथले लोक तुम्हाला किरकोळ कामं सांगतच राहतात, आणि ती कामं गेम स्वतः जुळवून कायमची पुरवत राहतो. अमुक गुहेत जा, तमुकाला मार. ती कधी संपत नाहीत. यादवी युद्धाचं नाव मोठं आणि प्रत्यक्ष लढाईत मूठभर माणसं.

जगाने दिलेली पदवी आपण कमवायची, हा एकच मार्ग मला सापडला आहे. एका पात्राने एकच संघटना. विद्यापीठाच्या कथेतलं पुढचं काम तेव्हाच घ्यायचं जेव्हा जादूचं एखादं कौशल्य ५० झालं असेल, मग ७५, मग शेवट. मधल्या काळात तिथे राहा, वर्गांतून फिरा, प्रशिक्षकाकडून शिका (एका लेव्हलमध्ये पाचच धडे मिळतात). असं केलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी खरंच तिथली आहे.

आणि 'आणखी काही काम आहे का?' हे दुसऱ्यांदा विचारू नका. कथेची कामं आणि जुळवलेली कामं यांतला फरक पटकन कळतो: कथेच्या कामाला वहीत स्वतःचं नाव असतं, बहुतेक जुळवलेली कामं 'किरकोळ'मध्ये जातात.

सेव्ह आणि अडकलेली कामं

आपोआप होणारे सेव्ह मोजकेच राहतात आणि जुन्यावर नवे चढतात. मी एकदा बरोब्बर त्या क्षणी क्विकसेव्ह दाबला जेव्हा जायंटचा सोटा डोक्यावर आला होता. लोड केलं की मी आकाशात. परत लोड, परत आकाशात. माझ्याकडे दुसरा सेव्ह होता तो साडेतीन तास आधीचा. तेव्हापासून शहरात शिरताना आणि मोठं काम सुरू करताना मी नवीन सेव्ह करते, जुन्यावर लिहीत नाही. दहा-बारा झाले की जुने पुसते.

हे इथे फार गरजेचं आहे, कारण काही कामं अडकतात. विंडहेल्ममधलं 'ब्लड ऑन द आइस' हे खुनाच्या तपासाचं काम त्यासाठी प्रसिद्ध आहे. ते चालू असताना मधेच दुसरीकडे जाऊ नका, सांगितलेल्या माणसाशी सांगितलेल्या क्रमाने बोला आणि प्रत्येक टप्प्यावर सेव्ह ठेवा. पीसीवर दगडांत अडकलात तर कन्सोल उघडून 'टीसीएल' टाइप करा, भिंती पार करता येतात. बाहेर आलात की परत तेच टाइप करून बंद करा.

सोबत घेतलेली माणसं सापळ्यांवर बेधडक पाय देतात आणि अरुंद दारात आडवी उभी राहतात. लिडिया भली आहे, जीव लावते, पण जिथे जमिनीवर खटके दिसतील तिथे तिला 'थांब' सांगून पुढे जा.

मॉड

पहिला खेळ शक्यतो मॉडशिवाय (मॉड म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल), दोन अपवाद सोडून. एक, अनऑफिशियल पॅच, जो चाहत्यांनी शेकडो चुका दुरुस्त करून बनवला आहे. दोन, पीसीवर स्काययूआय, कारण मूळची सामानाची यादी कीबोर्ड-माउसवर त्रासदायक आहे. त्याला स्क्रिप्ट एक्सटेंडर नावाचा जोड-प्रोग्राम लागतो आणि तो गेमच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावा लागतो. गेम अपडेट झाला की हे नातं तुटतं. खेळाच्या मधे मॉड काढून टाकू नका, सेव्ह खराब होऊ शकतो. दुसऱ्या पात्राला 'लिव्ह अनदर लाइफ' लावा, घोडागाडीतून सुटका होते.

मुख्य कथा कधी

व्हाइटरनच्या जादूगाराला, फारेंगारला, ब्लीक फॉल्स बॅरोत मिळणारा ड्रॅगनस्टोन नावाचा दगड नेऊन देईपर्यंत रानावनात ड्रॅगन उतरत नाहीत. ज्यांना शांतपणे फिरायचं आहे त्यांनी तो दगड पिशवीत ठेवून द्यावा. तोवर ड्रॅगनच्या भाषेतल्या गर्जना मात्र वापरता येणार नाहीत, एवढी किंमत आहे. माझ्या मते पंधरा-सोळा तास फिरा आणि मग द्या.

नंतर डोंगरावरच्या हाय हरॉथगार या मठात बोलावणं येतं. कृपा करून ती वाट पायीच चढा. आयव्हरस्टेडपासून सुरू होते, म्हणायला सात हजार पायऱ्यांची. निघायच्या आधी गावातल्या क्लिमेकशी बोला, तो वर न्यायला सामानाची पिशवी देतो. वाटेत दहा शिलालेख आहेत. दहाही वाचलेत तर एक दिवसभर जनावरं तुमच्यावर धावून येत नाहीत आणि तुम्हाला बघून पळतही नाहीत. हरणाच्या शेजारून चालता येतं. वरच्या टप्प्यात बर्फातला ट्रोल आडवा येतो. त्याच्या जखमा आपोआप भरतात, पण आगीला तो कच्चा आहे. हातात आगीचा साधा मंत्र असला तरी चालेल, नाहीतर कड्याच्या कडेने पळा.

भाच्याने आता ऑर्क केला आहे. दोन हातांचा हातोडा, धनुष्य नाही, वहीत एक खूण. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. उत्तरेच्या किनाऱ्यावर तो भरकटला होता आणि समोर एक दीपगृह होतं. मी त्याला त्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"मावशी, बाहेर घोडा मेलाय. कुणी मारला असेल गं?"

"दार उघडं आहे का बघ," मी म्हटलं. "आणि कागद दिसले तर वाच."